टीव्ही, मारामारी आणि बाई-पुरुष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे-नवी मुंबईतल्या ऐरोली, कोपरखैरणे, कळवा, नौपाडा या भागात आम्ही पालकांच्या आणि महिला मंडळांच्या बैठका घेतो, आणि बैठक संपल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न येत राहतात ते इथे एकत्र केलेत. भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवलीय, नावं काढलीत. सगळं वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा. जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध आहे तिथे त्याचा नंबर दिलाय.

१. टीव्हीने खरंच कोणी बिघडतं का? आम्ही पण लहानपणी सगळं बघितलं, आम्हाला काय झालं?

हा प्रश्न बहुतेक वेळा बाबा लोकांकडून येतो. एक एपिसोड बघून कोणी बिघडत नाही हे अगदी मान्य. पण टीव्हीचा परिणाम तसा होतच नाही, तो रोज थोडा थोडा होतो, आणि घरात काय चालतं, काय खपतं, कोणी कोणाशी कसं बोललं तरी चालतं, हे आपल्या डोक्यात बसत जातं.

आणि एक गोष्ट बघा. आपल्याकडे टीव्ही आणला तोच मुळात लोकांना शिकवायला. १९५९ साली दिल्लीत सुरू झाला, १९७२ साली मुंबई केंद्र आलं, मग १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा उपग्रह वापरून ६ राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत शेती, आरोग्य, कुटुंब नियोजनाचे कार्यक्रम दाखवले. १९८४ ची 'हम लोग' मेक्सिकोतल्या शिकवण देणाऱ्या मालिकांचा धडा घेऊन बनवलेली होती, एपिसोडच्या शेवटी अशोक कुमार येऊन दोन शब्द बोलायचे आणि लोक चॅनेलला पोत्याने पत्रं पाठवायचे. म्हणजे चांगलं बघून लोक चांगलं शिकतात असं सरकारने मानलं, जाहिरात बघून लोक साबण बदलतात असं कंपन्या आजही मानतात आणि त्यासाठी एवढे पैसे मोजतात. मग फक्त मारझोड आणि अपमान बघून काहीच होत नाही, हे कसं मानायचं?

२. मारामारी बघून मुलं मारकुटी होतात हे सिद्ध झालंय का?

सरळ "हो" म्हणणं चुकीचं, पण "नाही" म्हणणं त्याहून चुकीचं.

१९६१ साली अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतल्या मुलांसमोर एका मोठ्या माणसाला फुगवलेल्या बाहुलीला बडवायला लावलं, नंतर मुलांना त्याच बाहुलीजवळ सोडलं तर मुलांनी तसंच बडवलं, तेच शब्द वापरून. दोन वर्षांनी हेच पडद्यावर दाखवून केलं, तरी तेच झालं. पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो १९६५ चा प्रयोग, ज्यात मारणाऱ्याला शेवटी शिक्षा झालेली दाखवली तेव्हा मुलांनी नक्कल कमी केली. मग त्यांना सांगितलं, करून दाखवा, बक्षीस मिळेल, तर त्यांना सगळं येत होतं! म्हणजे शिकली सगळीच, फक्त वापरायचं की नाही ते त्यांनी शेवट बघून ठरवलं.

तुम्ही म्हणाल बाहुलीला मारणं आणि माणसाला मारणं वेगळं, आणि ते बरोबर आहे, या प्रयोगावर हा आक्षेप नेहमी घेतला जातो. म्हणून दुसरा अभ्यास. शिकागो भागातली मुलं १९७७ मध्ये तपासली आणि साधारण १५ वर्षांनी तीच मुलं मोठी झाल्यावर परत गाठली. लहानपणी हिंसक कार्यक्रम जास्त बघणारी, त्यातल्या पात्राला आपलं मानणारी आणि ते खरं वाटणारी मुलं मोठेपणी जास्त आक्रमक निघाली, मुलगे पण आणि मुली पण. तरीही टीव्ही हे एकमेव कारण नाही, घरात मारहाण असेल तर तिचा हात कितीतरी मोठा असतो, आणि सगळेच अभ्यासक टीव्हीचा वाटा एवढा मोठा आहे असं मानत नाहीत. माझं स्वतःचं मत असं की किती मारामारी दाखवली यापेक्षा मारणारा सुटला का, हे आधी बघावं.

३. कार्टूनमधली मारामारी चालते ना? ती तर खोटीच असते.

उलट तिथेच लक्ष द्या. अमेरिकेत १९९० च्या दशकात टीव्हीवरच्या हिंसेचा मोठा अभ्यास झाला, त्यात सुमारे ६० टक्के कार्यक्रमांत काही ना काही हिंसा सापडली, आणि बहुतेक हिंसक प्रसंगांत मारणाऱ्याला त्या प्रसंगात काहीच शिक्षा झाली नव्हती. लहान मुलांच्या कार्यक्रमांत तर डोक्यात हातोडा बसला की चांदण्या फिरतात, पुढच्या सेकंदाला गडी उभा, वर सगळे हसतात. दुखत नाही, रक्त नाही, सॉरी नाही. सातेक वर्षांपर्यंतच्या मुलांना खरं-खोटं नीट वेगळं करता येत नाही हेही लक्षात ठेवा.

आपल्याकडचं उदाहरण 'शक्तिमान'चं, १९९७ ला सुरू झाली तेव्हा मुलं त्याच्यासारखं गोल फिरायला आणि उड्या मारायला लागली, आणि मग स्वतः शक्तिमानलाच पडद्यावर येऊन सांगावं लागलं की बाळांनो असं करू नका.

मूल कार्टून बघून "ढिशुम ढिशुम" करत खेळतं, तेवढ्याने घाबरू नका, तो खेळ आहे. पण मित्राला खरंच लागलं, तो रडतोय, आणि तरी आपलं पोर हसतंय, असं परत परत होत असेल तर मात्र बसून बोला, गरज वाटली तर शाळेच्या समुपदेशकांना भेटा.

४. किती वेळ टीव्ही दाखवायचा? एकदाच नंबर सांगा.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते २ वर्षांच्या आत स्क्रीन नको, २ ते ४ वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त १ तास, कमी तेवढं बरं. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना २ वर्षांपर्यंत नकोच म्हणते, २ ते ५ मध्ये १ तासाच्या आत आणि मोठं माणूस बाजूला असताना, ५ ते १० मध्ये २ तासांच्या आत. यात मोबाईल पण धरलाय, टीव्ही बंद करून हातात मोबाईल दिला तर काही वाचलं नाही.

५. सासू-सुनेच्या मालिकांनी बायका मागे चालल्यात असं माझे मिस्टर म्हणतात. खरं का?

याला मोठं उत्तर देते, कारण इथे सगळेच घाईने बोलतात.

रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास २००९ मध्ये छापून आला. बिहार, गोवा, हरियाणा, तामिळनाडू आणि दिल्ली इथल्या ग्रामीण भागात २००१ ते २००३ असं दरवर्षी त्याच बायकांना प्रश्न विचारले, आणि मधल्या काळात ज्या गावांत नवीन केबल आली तिथे काय बदललं ते बघितलं. काळ लक्षात घ्या, हा हिंदी सासू-सून मालिकांचा अगदी भर होता, भरजरी साड्या, कट-कारस्थानं, तीन वेळा वळणाऱ्या माना. आणि निघालं काय? केबल आलेल्या गावांत "नवऱ्याने बायकोला मारलं तर चालतं" असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, घरातल्या निर्णयांत बायकांचं जास्त चालायला लागलं. ब्राझीलमध्येही ज्या भागात तिथल्या मालिका पोचल्या तिथे बायका कमी मुलं जन्माला घालायला लागल्या, कारण त्या मालिकांमधली कुटुंबं छोटी असायची, कोणी भाषण दिलं नव्हतं. आता भारतातला अभ्यास बायकांनी तोंडी दिलेल्या उत्तरांवर आहे, मनात काय होतं ते वेगळं असू शकतं, तरी लहान मुलांच्या शाळेसारख्या गोष्टींतही फरक दिसला म्हणून मी हे हलक्यात घेत नाही.

मग मिस्टर चुकले का? पूर्ण नाही. ज्या गावात बाईला बाजारात जायला पण विचारावं लागतं तिथे मालिकेतली सून, कितीही रडत असली तरी, शिकलेली आहे, फोनवर बोलते, कारमधून ऑफिसला जाते, सासऱ्यासमोर तोंड उघडते. तिथे ती दोन पावलं पुढे आहे. पण तीच मालिका कोपरखैरण्याच्या फ्लॅटमध्ये बघा, जिथे आई सकाळी ७ ची लोकल पकडून कामाला जाते, आणि पडद्यावरची एमबीए झालेली नायिका दिवसभर किचनमध्ये खीर ढवळतेय आणि ऑफिसचा उल्लेख आठवड्यातून एकदा, तिथे तीच मालिका मुलीला मागे खेचते. टीव्ही पुढे नेतो की मागे, हे बघणारी कुठे उभी आहे त्यावर आहे. म्हणून "मालिका वाईट" असं एका फटक्यात म्हणू नका, आणि आपल्या मुलीला "हे आपल्या घरातल्यासारखं आहे का गं?" एवढं तरी विचारा.

आणि मराठीत सगळं रडकंच झालं असंही नाही. सह्याद्रीवरची 'दामिनी' पत्रकार बाईची होती, 'उंच माझा झोका' रमाबाई रानड्यांवर होती आणि घराघरात चालली. त्याआधी दूरदर्शनवर हिंदीत प्रिया तेंडुलकरांची 'रजनी' गॅस सिलेंडरपासून टॅक्सीपर्यंत सगळ्यांशी भांडायची. लोक बघत नाहीत म्हणून आम्ही दाखवत नाही, हे कारण मला तरी पटत नाही.

६. मालिकेत नेमकं काय चुकीचं आहे ते कसं ओळखू? सगळंच तर सवयीचं झालंय.

एक काम करा, जेवणाचा सीन असलेला कुठलाही एपिसोड आवाज बंद करून बघा. कोण बसलंय आणि कोण उभं आहे, पोळी कोण वाढतंय, पाण्याचा तांब्या कोणी आणला, आणि ताट वाढून घेतलेला माणूस मान वर करून बघतो तरी का. सुनेच्या हातात वाडगं, डोक्यावर पदर, नजर सासूच्या चेहऱ्यावर, आणि नवरा फोनमध्ये. संवाद नसले की हे असं दिसतं की आमच्या बैठकीत बायका मधेच बोलायला लागतात, "अगं आमच्याकडे पण असंच."

मग एक चापटीचा सीन शोधा. चापट एकदाच असते पण दाखवतात तीनदा, वर मोठा आवाज, मग घरातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा. तो कॅमेरा जिला लागली तिच्यावर किती वेळ थांबतो ते बघा, आणि पुढच्या एपिसोडमध्ये त्याची कोणी दखल घेतली का तेही बघा. बऱ्याचदा माफी ती मागते.

अजून एक, खलनायिका कशी ओळखायची? नोकरी करणारी, केस कापलेले, स्लीव्हलेस. चांगली बाई म्हणजे मंगळसूत्र आणि सोसणं. हे मुलींपर्यंत न बोलता पोचतं.

७. सगळं मुलींबद्दलच बोलता. आमच्या मुलग्याचं काय?

बरोबर पकडलंत, हा भाग आपण सोडतो. मालिकेत चांगला मुलगा म्हणजे आई आणि बायकोच्या मधे गप्प बसणारा, आणि हिरो म्हणजे नकार ऐकला तरी मागे लागणारा. मुलीने नाही म्हटलं, हा रोज तिच्या ऑफिसबाहेर, मग पाऊस, मग गाणं, मग ती हसते. खऱ्या आयुष्यात याला पाठलाग म्हणतात आणि कायद्याने तो गुन्हा आहे, हे मुलग्याला दहावीच्या आत कळायला हवं आणि ते तुम्हीच सांगायचंय. रडणारा पुरुष पडद्यावर एक तर विनोदी असतो नाही तर हरलेला, त्यामुळे मुलगे रडणं सोडतात आणि चिडणं धरतात.

जाहिराती पण बघा. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या 'अ‍ॅस्की' या संस्थेने जून २०२२ मध्ये स्त्री-पुरुषांच्या ठरावीक साच्यांबद्दल नियम काढलेत. घर साफ करायचं काम फक्त बाईचं, बाकीचे घाण करून निवांत, असं दाखवणं त्यात बसत नाही. तक्रार कशी करायची ते प्रश्न ११ मध्ये आहे.

८. सासूबाई दिवसभर क्राईम शो आणि न्यूज बघतात, मला ७ नंतर बाहेर पडू देत नाहीत. काय करू?

त्यांची भीती खरी आहे, खोटी समजू नका. जॉर्ज गर्बनर नावाच्या अभ्यासकाने १९६० च्या दशकाच्या शेवटापासून हेच तपासलं, आणि जास्त टीव्ही बघणाऱ्यांना जग आहे त्यापेक्षा जास्त क्रूर वाटतं असं त्याने मांडलं. शेजाऱ्यावर, दूधवाल्यावर, सगळ्यांवर संशय.

पण इथे एक गोम आहे. हे शो भीती चुकीच्या जागी लावतात. अनोळखी माणूस, अंधार, रिकामी लोकल. सरकारी आकडे वर्षानुवर्षं सांगतात की बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांत ९० टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी ओळखीचा असतो, नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक. म्हणजे सुनेला क्लासला जाऊ न देऊन काही वाचत नाही, आणि घरी येणाऱ्या ओळखीच्या माणसाबद्दल पोरगी काही सांगत असेल तर ते ऐकून घेतलं जात नाही. सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांच्याबरोबर बसून एक भाग बघा आणि विचारा, "यात आरोपी कोण निघाला हो आई?"

९. पण क्राईम शोमुळे लोक सावध पण होतात ना?

होतात. फसवणुकीचे फोन, ओटीपी, खोट्या नोकऱ्या, यात असे भाग उपयोगी पडलेत, मी स्वतः बायकांना दाखवते. गुन्हा कसा केला याचा सविस्तर धडा आणि गुन्हा कसा ओळखायचा याची माहिती, यातला फरक बघा. अर्धा तास पद्धत आणि शेवटचं मिनिट उपदेश असा भाग असेल तर मुलांसमोर नको.

१०. न्यूज चॅनेलवर आत्महत्या, हल्ले, सगळं लाइव्ह दाखवतात. त्याला काही नियम नाहीत का?

आहेत. २६/११ च्या वेळी कमांडो कारवाई लाइव्ह दाखवली गेली, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात कडक शब्दांत ताशेरे ओढले, आणि २०१५ पासून केबलच्या नियमांत अशी कारवाई लाइव्ह दाखवायला बंदी आली, नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढंच दाखवायचं.

आत्महत्येबद्दल जास्त बोलायला हवं, कारण पद्धत, जागा, चिठ्ठी परत परत दाखवली की आधीच खचलेल्या माणसांमध्ये तसं करणारे वाढतात, हे जगभर दिसलंय. प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये वृत्तपत्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये टीव्ही चॅनेलनीही ती पाळावीत असं सांगितलं. घरात कोणी खचलेलं असेल तर अशी बातमी लागली की चॅनेल बदला आणि बोला. १४४१६ ही सरकारी टेली-मानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. अत्याचार झालेल्या मुलीची किंवा बालकाची ओळख उघड करणं तर थेट गुन्हा आहे, शाळेचं नाव किंवा बिल्डिंग दाखवली तरी.

११. तक्रार करायची कुठे? ट्विटरवर टाकून काही होत नाही.

टीव्ही कार्यक्रम आधी सेन्सॉर होत नाहीत, सिनेमासारखं नाही, म्हणून तक्रारीला महत्त्व आहे. २०२१ पासून तीन पायऱ्या आहेत. आधी चॅनेलकडे लेखी तक्रार, त्यांनी १५ दिवसांत उत्तर द्यायचं. समाधान नाही झालं तर पुढच्या १५ दिवसांत चॅनेलच्या स्वनियमन संस्थेकडे, मालिकांसाठी 'बीसीसीसी', न्यूजसाठी 'एनबीडीएसए', अर्थात चॅनेल त्यांचा सभासद असेल तर. तरी नाही झालं तर केंद्र सरकार.

चॅनेल, कार्यक्रम, तारीख, वेळ आणि नेमका सीन लिहा. "संस्कृती बिघडतेय" असं लिहिलेली तक्रार बाजूला पडते. "अमुक मिनिटाला नवरा बायकोला मारतो आणि ते प्रेम म्हणून दाखवलंय" अशी तक्रार वाचावी लागते. केबल नियमांत बाईची अवहेलना करणारा, मुलांना कमी लेखणारा आणि अंधश्रद्धेला खतपाणी घालणारा कार्यक्रम चालत नाही, त्याचा उल्लेख करा. जाहिरात असेल तर अ‍ॅस्कीकडे.

लोकल केबलवाल्याने स्वतःच्या चॅनेलवर काही भलतं लावलं तर मात्र कलेक्टर किंवा पोलीस आयुक्तालय. वाशी-नेरूळपर्यंत ठाणे जिल्हा, खारघर-पनवेलला रायगड जिल्हा, पण पोलीस तिकडेही नवी मुंबईचेच.

१२. ओटीटी आणि यूट्यूबला पण हेच लागू का?

नाही. ओटीटीवर २०२१ च्या नियमांनुसार वयाच्या पाट्या लावाव्या लागतात, ७, १३, १६ वर्षांवरचे आणि प्रौढांसाठी, आणि लॉकची सोय द्यावी लागते. तो लॉक बहुतेक घरांत चालूच केलेला नसतो, आज चालू करा. यूट्यूबवर लोक स्वतः टाकतात त्याला ही व्यवस्था नाही, तिथे प्रश्न ४ मधलं "मोठं माणूस बाजूला" हेच औषध.

१३. मालिकेत नवरा एकदा मारतो, मग सॉरी म्हणतो, आणि ती माफ करते. माझ्याकडे पण असंच होतं. हे गुन्ह्यात बसतं का?

ताई, बसतं. एक चापट पण बसते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारणं तर आहेच, शिवाय सतत अपमान, पैसे न देणं, घराबाहेर काढायची धमकी, हे पण येतं. त्यासाठी घटस्फोट घ्यावाच लागतो असं नाही, त्याच घरात राहून संरक्षण मागता येतं. १८१ वर महिला हेल्पलाइन आहे, लगेचचा धोका असेल तर ११२. संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाता येतं आणि मोफत वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो.

मालिकेत सॉरी म्हटल्यावर गाणं लागतं आणि तो सुधारतो, कारण पुढचा ट्रॅक सुरू करायचा असतो. घरात सॉरीनंतर परत होतं की नाही हे फक्त तुम्हाला माहीत आहे, आणि आधी झालं असेल तर तारीख लिहून ठेवा, लागलेल्याचे फोटो बहिणीकडे पाठवून ठेवा.

१४. घोडबंदर रोडला एका मालिकेत माझ्या ८ वर्षांच्या मुलीला काम मिळतंय. सीनमध्ये तिला आई-बाबांचं भांडण बघून रडायचंय. करू द्यावं का?

करू द्यावं की नाही हे तुम्ही आणि ती ठरवा, पण कायदा आधी माहीत करून घ्या, कारण को-ऑर्डिनेटर सांगत नाहीत. १४ च्या आतल्या मुलांना अभिनय करायला परवानगी आहे, अटींवर. जिथे शूटिंग आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने काढायची, घोडबंदर रोडचा सेट असेल तर ठाणे, गोरेगावची फिल्मसिटी असेल तर मुंबई उपनगर. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांच्या वर नाही. शाळा बुडायला नको याची जबाबदारी निर्मात्याची. तिच्या कमाईतले किमान २० टक्के तिच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत गेले पाहिजेत. आणि तिची स्वतःची तयारी लागते, फक्त तुमची सही पुरत नाही.

रडायच्या सीनबद्दल, सेटवर विचारा की तिला रडवणार कसं. डोळ्यात ग्लिसरीन घालतात हे ठीक, पण "तुझी आई सोडून गेली असं समज" असं कोणी सांगत असेल किंवा खरंच ओरडून रडवत असेल तर तिथेच थांबवा, सेट कितीही मोठा असो. भांडणाच्या सीनच्या आधी तिला त्या दोन कलाकारांशी खेळू द्या, सीन झाल्यावर ते दोघं हसत बोलताना तिला दिसू द्या, म्हणजे खोटं होतं हे तिला डोळ्यांनी कळतं. आणि एपिसोड लागेल तेव्हा तिच्या शेजारी बसा, शाळेतली मुलं दुसऱ्या दिवशी तिला त्यावरून चिडवणार हे गृहीत धरून बाईंना आधीच सांगून ठेवा. सेटवर काही वावगं दिसलं तर १०९८ वर फोन करा, ही मुलांसाठीची हेल्पलाइन २४ तास चालू असते.